दाराजवळच्या कुंड्या

मी सर्वांत जास्त कुणाचा देणेकरी आहे, असं विचारलं तर आईवडिलांचं नाव मी त्या यादीत धरत नाही. त्यांचं देणं फिटत नसतं, आणि ते फेडायला कुणी बसतही नाही. त्यांना बाजूला ठेवलं की पहिलं नाव येतं डॉ. शकुंतला हाणेगावकर यांचं.

हैदराबादच्या आमच्या संशोधन केंद्रात सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. मी एकटा बाई म्हणायचो. आमच्या तालुक्याच्या शाळेत शिकवणारीला बाईच म्हणतात, एवढंच मला माहीत होतं. पहिल्याच भेटीत तोंडातून ‘बाई’ गेलं आणि मी जीभ चावली. दुसरं कुणी असतं तर थबकलं असतं. बाईंना थबकणं माहीत नव्हतं. चालता चालता त्या म्हणाल्या, “बाई? हौ, चालेल की. माझी आजी खूश झाली असती. ती म्हणायची, मॅडम काय, साड्यांच्या दुकानात म्हणतात तसं.”

माझी मुलाखत अशी चालतच झाली. ऑफिसात खुर्ची होती, पण तिच्यावर बियांच्या पाकिटांचा ढीग असे. बाई तिच्यावर बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. अंबाड्यात खोचलेलं पेन, एका हातात पाण्याची स्टीलची बाटली, दुसऱ्या हातात चहाचा कप, आणि चाल अशी की उंच माणसालाही मागे धावावं लागावं. चहा त्या चालतच प्यायच्या, फोन चालतच घ्यायच्या आणि माझ्या प्रबंधाची पानंही भिंतीच्या कडेने येरझाऱ्या घालत वाचायच्या. एखादं वाक्य पटलं नाही की वेग वाढायचा. पुढे मला त्यांच्या चपलांच्या आवाजावरून कळायला लागलं की मी कुठल्या पानावर चुकलोय.

त्या दिवशी त्या मला नेटहाऊसमध्ये घेऊन गेल्या. नेटहाऊस म्हणजे बारीक जाळीचं घर. आत कुंड्यांमध्ये ज्वारी लावलेली. हिरवी, तजेलदार, गुडघाभर झाडं.

“यातली आजारी झाडं दाखव.”

मी रांगांमधून फिरलो. पानं उलटून पाहिली. एकही डाग नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना कापड मापून देतात. इथून परत गेलो तर काय तोंड दाखवणार, ही धास्ती होती. शेवटी खरं तेच बोललो. “बाई, मला एकही आजारी दिसत नाही.”

“बरोबर. मलापण दिसत नाही. पण सगळी आजारी आहेत.”

मग त्यांनी सांगितलं. या झाडांच्या मातीत त्यांनी काणीची काळी भुकटी मिसळली होती. झिपरी काणी हा ज्वारीवरचा बुरशीचा रोग. तो पानावर येत नाही, खोडावर दिसत नाही. बी उगवतं तेव्हाच मातीतली बुरशी कोवळ्या रोपात शिरते आणि वाढत्या शेंड्याच्या मागे मागे वर चढते. झाड हिरवं, उंच, निरोगी दिसत राहतं. शेतकरी शेजाऱ्याला कौतुकाने दाखवतो. मग ज्वारी पोटरीला येते, म्हणजे कणीस वरच्या पानाच्या आवरणात फुगतं, पोटरी उकलते, आणि कणसाच्या जागी बाहेर पडतो काळ्या भुकटीने भरलेला, झिपऱ्या सुटलेला बोंगा. नाहीतर त्याहून विचित्र गोष्ट होते: फुलांच्या जागी पानंच पानं. हिरव्या पानांचा झुपका. फुलायचंच विसरलेलं कणीस.

“म्हणून आमच्याकडे एक नियम,” बाई म्हणाल्या. “फुलोऱ्याच्या आधी शाबासकी नाही. झाडाला नाही, माणसाला नाही.”

हा नियम त्या कुठेही लावायच्या. ऑफिसातल्या कुणाच्या मुलाला नोकरी लागली की त्या विचारायच्या, “लागली ते ठीक. फुलोरा आला का?” आमचे शेषगिरी सर एकदा नवी गाडी घेऊन आले, पेढे वाटले. बाईंनी पेढा खाल्ला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “सर, अभी तो पोटरी में है.” शेषगिरी सर बाईंचे बरोबरीचे शास्त्रज्ञ, वरंगळकडचे तेलुगू. त्यांना ‘पोटरी’ हा शब्द बाईंनीच शिकवला होता. ते हसत म्हणाले, “मॅडम, आपके वास्ते तो पेढा भी पोटरी में ही रहता.”

दुसरा त्यांचा लाडका प्रश्न: “वाचलं का सुटलं?”

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो स्कूटरवर. बाईंचं माहेर गौलीगुड्यात. आजोबा निजामाच्या काळात गावची शेती भावावर सोपवून तिथे येऊन राहिले होते, आणि त्या घरात अजून चुलतभावाचं बिऱ्हाड होतं. एका शनिवारी बाईंनी मला तिकडे जेवायला नेलं. बस स्टँडाच्या वळणावर एक बस अशी अंगावर आली की माझे डोळेच मिटले. उघडले तेव्हा बस पुढे गेली होती आणि बाई स्कूटर न थांबवता मागे ओरडून विचारत होत्या, “गोविंदा, आपण वाचलो का सुटलो?”

“वाचलो, बाई!”

“चूक! मी ब्रेक दाबला असता तर वाचलो. त्या बसवाल्याला आपण दिसलोच नाही, तो आपल्याच नादात बाजूने गेला. आपण सुटलो. दोन्हीत फरक आहे. उद्या परत इथनंच जायचंय.”

झाडांचंही तसंच, हे त्यांनी मला नंतर नीट समजावलं. एखादं झाड निरोगी राहिलं याचे दोन अर्थ असतात. बुरशी आली, झाडाने ती ओळखली आणि अडवली. ते झाड वाचलं. किंवा बुरशी त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. ते झाड नुसतं सुटलं. दिसायला दोन्ही सारखीच. पण सुटलेल्या झाडाचं बी तुम्ही शेतकऱ्याला दिलंत तर त्याला काय दिलंत? एक नशीब दिलंत, जे परत येईलच असं नाही.

त्याच दिवशी गौलीगुड्यात बाईंच्या भाचीचं लग्नही ठरलं, आणि पुढे त्या लग्नात मला माझ्या विषयाचा सर्वांत चांगला धडा मिळाला. मी तोवर इंग्रजी शोधनिबंध वाचून हैराण झालो होतो. झाडाची प्रतिकारशक्ती बुरशी कशी मोडते आणि फुलाची घडण कशी बिघडवते, यावर पानंच्या पानं होती. शब्द कळत होते, गोष्ट कळत नव्हती. पंगत चालू होती. बाई अर्थातच बसल्या नव्हत्या. ताट हातात घेऊन मांडवात फिरत जेवत होत्या. मला बोलावलं आणि कोपऱ्यातल्या एका माणसाकडे नुसत्या डोळ्यांनी खूण केली.

“तो निळा शर्टवाला. ओळखतोस?”

“नाही.”

“मीपण नाही. भावाला विचारलं, तो म्हणाला मुलाकडचा असेल. मुलाकडच्यांना विचारलं, ते म्हणाले तुमच्याकडचा असेल. बघ, कसा निवांत बसलाय. मांडवाच्या दारात आमचे दोन काका उभे आहेत. त्यांनी याला का नाही अडवलं?”

“त्यांना वाटलं पाहुणा आहे.”

“तेच. झाडाच्या दारातपण असे काका असतात. परका आला की ते ओरडतात, मग झाड त्या जागी भिंत घालतं, प्रसंगी आपला तेवढा भाग मारूनसुद्धा टाकतं. पण ही बुरशी भांडत येत नाही. येताना आपल्याजवळची काही प्रथिनं घेऊन येते, ती काकांच्या तोंडात पानाचा विडा कोंबतात. तोंड भरलं की ओरडणार कसं? बुरशी आत.” बाईंनी जिलेबीचा तुकडा मोडला. “आता पुढचं ऐक. हा निळा शर्टवाला नुसता जेवला तर आमचं काय गेलं? पण समज, तो उठून आचाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, मुलीच्या बापाने सांगितलंय, जिलेबी करू नका, नुसत्या पुऱ्याच तळत राहा. आचाऱ्याला काय माहीत? तो तळतोय. पंगतीत पुऱ्यांवर पुऱ्या येतायत, गोड काही येतच नाही. तो पानांचा झुपका म्हणजे त्या पुऱ्या. शेंड्याला हुकूम असतो, आता पानं पुरे, फुलं कर. तो हुकूम ही बुरशी बदलते.”

मी हसलो, पण ताट हातातच राहिलं. महिन्याभराचं वाचन त्या निळ्या शर्टाभोवती येऊन जुळलं. “मग वाचणारं झाड कुठलं?” मी विचारलं.

“जिथला एक तरी काका विडा नाकारतो,” बाई म्हणाल्या, “आणि तोंडावर विचारतो, तुम्ही कुणाकडचे?”

असं झाड बाईंना सापडलं होतं. निदान आम्ही सगळे तसं समजत होतो. जुन्या गावरान ज्वारीपासून त्यांनी वर्षानुवर्षं निवड करून एक वाण वेगळा काढला होता. त्याचा नोंदीतला क्रमांक लांबलचक होता, तो कुणी उच्चारत नसे. नेटहाऊसमध्ये काम करणारा यादगिरी त्याला ‘मॅडम मोक्का’ म्हणायचा, म्हणजे मॅडमचं रोप. काळी भुकटी मिसळलेल्या मातीत साध्या वाणाची कणसं झिपरी होऊन लोंबायची आणि मॅडम मोक्का मोत्यासारखे दाणे धरून उभा असायचा. शेतातही एकदा लावून झाला होता, तिथेही चांगला टिकला होता. आता त्याचं बी वेगवेगळ्या कोरडवाहू भागांत मोठ्या चाचणीला जायचं होतं. ती पार पडली की तो शेतकऱ्यांच्या हाती. बाईंची निवृत्ती जवळ आली होती, आणि एवढं पाहून जायचं, हा त्यांचा ध्यास होता.

माझा प्रबंधही त्याच वाणावर उभा होता. मी त्या रोपांच्या खोडाचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधायचो. साध्या वाणात ते शेंड्यापर्यंत दिसायचे. मॅडम मोक्कामध्ये दिसायचेच नाहीत. मी लिहिलं होतं: या वाणात बुरशी अगदी मुळापाशीच अडवली जाते. बाईंच्या चपला त्या पानावर शांत होत्या.

या वाणाच्या कुंड्या कायम दाराजवळ असायच्या. पाहुण्यांना दाखवायला सोपं जातं, असं बाई सांगायच्या; खरं कारण यादगिरीला माहीत होतं. “मॅडम कू सबर नहीं है सर. अंदर आते ही वोइच दिखना.” आत शिरल्या शिरल्या नजर पडावी म्हणून.

आणि एक सवय. संध्याकाळी निघताना बाई प्रयोगशाळेतून फिरत विचारायच्या, “कुणाचं पाणी उरलंय का?” आमच्या सगळ्यांच्या बाटल्यांतलं उरलेलं पाणी त्या आपल्या बाटलीत आणि एका मगात गोळा करायच्या. प्यायचं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडाच्या बुडाशी घालायचं, ही त्यांच्या आईची शिस्त, आमच्याकडेही हीच. आईने कधी तांब्यातलं पाणी फेकलेलं मी पाहिलं नाही. त्यामुळे बाई ते पाणी घेऊन नेटहाऊसच्या दारातून हात आत घालून जवळच्या कुंड्यांना घालायच्या, तेव्हा मला त्यात माझं घर दिसायचं. दुसरं काही दिसलं नाही. कुणालाच दिसलं नाही.

मग नेटहाऊसची दुरुस्ती निघाली. जाळी बदलली आणि दार दक्षिणेकडून पूर्वेला आलं. यादगिरीने कुंड्या परत मांडल्या, पण त्या वेळी बाई एका बैठकीसाठी बाहेरगावी होत्या, आणि त्यांचा वाण पार मागच्या कोपऱ्यात गेला. पेरणी होऊन गेली होती. आता हलवू नका, बाई म्हणाल्या. बाकी सगळं नेहमीसारखं. उरलेलं पाणी दाराजवळच्या कुंड्यांना जात राहिलं. त्या कुंड्या आता दुसऱ्याच कुठल्या वाणाच्या होत्या.

पोटरी उकलायला लागली तेव्हा सकाळी मी आत गेलो आणि मागच्या कोपऱ्यात मला हिरवं काहीतरी दिसलं. जवळ गेलो. कणीस नव्हतं. पानांचा झुपका होता. शेजारच्या कुंडीत तसाच. त्याच्या पलीकडे पांढरट पापुद्रा फाटून काळी भुकटी सांडत होती.

यादगिरी माझ्या मागे येऊन उभा राहिला. “अरे अम्मा,” तो एवढंच म्हणाला.

बाईंना सांगायला मी गेलो तेव्हा त्या व्हरांड्यात फोनवर होत्या. माझं तोंड बघून त्यांनी फोन ठेवला. “गोविंदा, बोलू नको, दाखव.” आत जाऊन त्यांनी एकेक झुपका हातात धरून पाहिला, वास घेतला, पान नखाने चिरलं. मग त्यांनी प्रश्नांची सरबत्ती लावली. बी कुठल्या पाकिटातलं? मिसळ तर झाली नाही? भुकटी कुठून आणलेली? एखादी नवी, जास्त तिखट बुरशी आली का?

पुढचे दिवस फार वाईट गेले. बी तेच होतं, भुकटी तीच होती. बाईंची चाल अशी वाढली की व्हरांड्यात त्यांच्या वाटेत कुणी येईनासं झालं. जेवणाचा डबा उघडायच्या, पुन्हा झाकायच्या. मलाही झोप लागेना. हा वाणच खोटा ठरला तर माझ्या प्रबंधात काय उरत होतं? घरी वडील दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की पोरगा आता डॉक्टर होणार, झाडांचा.

एका संध्याकाळी बाई पाण्याचा मग आणि बाटली घेऊन नेहमीसारख्या निघाल्या. मी मागे होतो, काहीतरी विचारत होतो. त्यांनी नव्या दारातून हात आत घातला, हातातला मग कलता केला आणि हात तिथेच राहिला. पाण्याची एक धार पडली आणि थांबली. बाई हलल्याच नाहीत. त्यांना इतकं स्थिर मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला भीती वाटली.

“बाई, काय झालं?”

“गोविंदा, भिंतीवर नियम काय लावलाय?”

नियम त्यांनीच लिहिलेला होता, दाराच्या आतल्या बाजूला: पेरणीनंतरचा पंधरवडा कुंड्या कोरड्या ठेवाव्यात. ही काणी कोरड्या मातीतच लागते. ओल टिकली तर कोवळ्या रोपात शिरत नाही. कोरडवाहू शेतातला हा रोग, तिथे जशी माती असते तशीच इथे पाहिजे. म्हणून यादगिरी त्या काळात पाणी अगदी मापून घालायचा.

“आणि दाराजवळ मी रोज हे ओतत होते,” बाई म्हणाल्या. “रोज. पंधरवड्यातपण. इतकी वर्षं.”

मी म्हणालो, “पण शेतातली चाचणी—”

“त्या साली पेरणीनंतर पाऊस लागून राहिला होता. आठव.” त्यांनी हातातला मग खाली ठेवला. “तुझ्या कापांत धागे का दिसले नाहीत? कुणी अडवले म्हणून नाही. ते आलेच नव्हते. माझं झाड वाचलं नव्हतं रे. सुटलं होतं.”

यादगिरी पुढे आला. “मॅडम, थोडा पानी तो था. उससे क्या होता?”

“रोप केवढं असतं यादगिरी? बोटाएवढं. उसकू वो थोडा पानी बहुत होता.”

दुसऱ्या दिवशी त्या चाचणीतून वाण मागे घ्यायचा अर्ज घेऊन निघाल्या, तेव्हा शेषगिरी सरांनी त्यांना व्हरांड्यातच गाठलं. सर वाईट माणूस नाहीत. बाईंना दुखापत होऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती.

“कायकू मॅडम? रिटायर हो रहे आप. एक नेटहाऊस का रिजल्ट है. बी जाऊ द्या पुढे, चाचणीत जे व्हायचं ते होईल. आपका नाम कायकू खराब करते?” सरांना मराठी थोडं यायचं, घाईत ते दोन्ही मिसळायचे.

“और पाऊस अच्छा गिरा तो? चाचणीत पास होईल. फिर?”

“फिर अच्छा ही है ना.”

“सर,” बाई चालता चालताच वळल्या, “फिर वो किसान के खेत में रोज शाम कू बोतल लेके मैं जाती क्या?”

 मग सर बाईंसोबत वरिष्ठांच्या खोलीत गेले आणि अर्ज दिला जाईपर्यंत त्यांच्या शेजारी उभे राहिले. हे मला सांगितलंच पाहिजे.

परत आल्यावर बाईंनी मला बोलावलं. “रागावलास?”

“नाही, बाई.”

“खोटं बोलू नको. तुझी दोन वर्षं मी पाण्यात घातली.” मग लगेच त्यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या, आणि मला कळलं की त्यांचं डोकं पुढे गेलंय. “आता बघ, प्रश्न तर चांगलाच हाती आलाय. ओल असली की बुरशी शिरत नाही, हे आपण पाठ केलंय. पण का? मातीतच मरते, का ओल्या मातीतलं रोप जास्त सावध असतं? तहानलेल्या झाडाचे काका झोपतात का? हे कर. हा तुझा प्रबंध.”

“आणि तुमचा वाण?”

“त्यालापण बसव परीक्षेला. एकदाची खरी परीक्षा होऊ दे.”

तशी आम्ही ती मांडली. बाईंचा वाण आणि साधा वाण; दोन्हींच्या काही कुंड्या कोरड्या, काही ओल्या. कुठली कुंडी कुठे ठेवायची हे यादगिरीने चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे कुणाच्या नजरेची लाडकी जागा राहायला नको. दाराबाहेर एक फळी ठोकली आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या तिथेच ठेवायच्या असं ठरलं. पहिल्यांदा बाईंनीच आपली ठेवली.

अडचण एकच होती. फुलोरा येण्याआधीच बाई निवृत्त होणार होत्या. त्यांनी मला बजावलं, “निकाल आला की फोन करू नको. फोनवर तुझा आवाजच आधी सांगून टाकतो. आणि मी रोज विचारत बसेन. पत्र पाठव. मराठीत.”

मला नवल वाटलं. बाईंचं शिक्षण आबिड्सजवळच्या इंग्रजी शाळेत झालं होतं. मराठी घरात बोलायच्या, पण वाचताना ओळीखाली बोट ठेवून अक्षर अक्षर लावत जायच्या. मी विचारलं, मराठीतच का?

“इंग्रजीत निकाल झटकन डोळ्यांत घुसतो. मराठी मला हळू वाचता येतं. वाईट बातमी असली तर ती हळू आलेली बरी.”

निरोपाच्या दिवशी सभागृहात भाषणं झाली, शाल झाली, हार झाला. बाई सगळा वेळ खुर्चीत बसून होत्या आणि त्यांचा पाय सारखा हलत होता. कार्यक्रम संपल्यावर त्या स्कूटरवरून फाटकापर्यंत गेल्या. तिथून वळल्या आणि परत आल्या. नेटहाऊसच्या दाराशी स्कूटर उभी केली. आत झाडं पोटरीला आली होती. काहीच कळत नव्हतं, सगळी हिरवी, सगळी निरोगी. बाईंच्या हातात बाटली होती. त्यांनी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाटली उघडली, दारातच उभं राहून सगळं पाणी पिऊन टाकलं, शेवटच्या घोटापर्यंत, आणि रिकामी बाटली उलटी करून मला दाखवली. मग आत गेल्या. रांगांमधून एक फेरी मारली, कुठल्याच कुंडीला हात लावला नाही, आणि आल्या वाटेने निघून गेल्या. विद्यानगरला, घरी.

फुलोरा आला, दाणे पक्के झाले, तेव्हा मी हे पत्र लिहिलं आणि रस्त्यावरच्या टपालपेटीचा भरवसा नको म्हणून आबिड्सच्या मोठ्या पोस्टात स्वतः जाऊन टाकलं.

“बाईंना गोविंदचा नमस्कार.

मोठ्या अक्षरात लिहितो आहे. सावकाश वाचावे.

आधी वाईट ते. कोरड्या कुंड्यांत तुमच्या वाणाला झिपरी आली. साध्या वाणाला आली तशीच. काही कणसे काळी, काही पानांचा झुपका. ओल्या कुंड्यांत दोन्ही वाण चांगले राहिले. म्हणजे ते पाणीच होते. तुम्ही त्या संध्याकाळी दारात उभ्या राहून जे म्हणालात ते खरे ठरले. बी चाचणीला गेले नाही हे बरे झाले. यादगिरीने तुम्हाला सांगायला सांगितले आहे की यात मोक्क्याचा काही दोष नाही. शेषगिरी सर रोज येऊन बघून जातात.

आता दुसरे. कोरड्या कुंड्यांत तुमच्या वाणाचे एक झाड स्वच्छ निघाले. कणीस भरले. मला वाटले, हेही सुटले असेल. दाणे पक्के झाल्यावर बी काढून घेतले आणि मग खोडाचे काप केले. बाई, खालच्या कांड्यात बुरशीचे धागे आहेत. त्याच्या वरच्या कांड्यातही थोडे आहेत. त्याच्या वर नाहीत. जिथे संपतात तिथे झाडाने स्वतःचा तेवढा भाग मारून टाकला आहे, तपकिरी रेघ दिसते. मी काप पुन्हा केले. शेषगिरी सरांनीही पाहिले.

एका झाडावरून काही सिद्ध होत नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच लिहितो. त्याचे बी वेगळे बांधले आहे. पुढच्या वेळी कोरड्या मातीत पेरीन. फुलोऱ्याच्या आधी शाबासकी मागणार नाही.

पण हे झाड सुटलेले नाही. निळा शर्टवाला मांडवात आला होता, बाई. बराच आतपर्यंत आला होता. तिथे त्याला कुणीतरी विचारले, तुम्ही कुणाकडचे?

तुमचा,
गोविंद”